डोक्यावरचा हात

१

थोमा मंडळीच्या दाराला दोन कुलपं होती. एक पाळक विजयसिंहांच्या गटाचं, दुसरं सेक्रेटरी गणपतरावांच्या गटाचं. दोघांनी किल्ल्या लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. त्यामुळं शाहूपुरीच्या मागच्या गल्लीतलं ते बुटकं चर्च आठ महिने बंद होतं. रविवारी एक गट फाटकाच्या डाव्या अंगाला सतरंजी टाकून गीतं म्हणायचा, दुसरा उजव्या अंगाला. एकानं आवाज चढवला की दुसरा त्याच्यावर चढवायचा. ही देवाची स्तुती की भांडण, हे गल्लीला कळायचं नाही, आणि पुढं पुढं गल्लीनं त्यात डोकं घालायचंच सोडून दिलं.

१९९९ च्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी कोर्टाच्या हुकमानं ती दोन्ही कुलपं निघाली. हुकूम घेऊन आली होती वर्षाराणी हुक्केरी. वकील, वय चौतीस, गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरातली. कोर्टानं तिला कमिशनर नेमलं होतं. काम एवढंच की चर्चमधली सागवानी पेटी दोन्ही गटांसमोर उघडायची, आत काय आहे ते लिहायचं आणि सोमवारी अहवाल द्यायचा. अर्ध्या तासात आटपेल असं धरून तिनं स्कूटर उन्हातच लावली होती.

पेटीलाही दोन किल्ल्या. एक गणपतरावांकडं, दुसरी फेब्रुवारीत वारलेल्या बिशप शांतवनांची. ती आता त्यांच्या बहिणीकडं होती. तिला सगळे आक्का म्हणत. शहात्तर वर्षांची, पाठीत वाकलेली बाई. तिनं किल्ली लावली आणि कुणाकडं न बघता मागच्या बाकावर जाऊन बसली.

पेटीत एक वही होती आणि मंडळीचा पट ठेवायची हातभर लांबीची पितळी नळी. नळीचं झाकण लाखेनं बंद केलेलं, लाखेवर बिशपांच्या अंगठीचा शिक्का, मासा आणि क्रूस. वर्षाराणीनं नळी वर धरून शिक्का अखंड असल्याचं सगळ्यांना दाखवलं. मग चाकूचं टोक लाखेखाली घातलं.

“चोरला!” विजयसिंह गरजले. उंच, गोरा, पांढऱ्या झग्यातला माणूस. “देवाच्या घरात चोरी! गणपतराव, पट कुठं आहे?”

“तोंड सांभाळून बोला!” गणपतराव बाक सरकवत उठले. “चोर कुनाला म्हनतायसा?”

माणसं अंगावर धावली. कुणाची तरी टोपी पडली, कुणीतरी कुणाच्या तरी बापाचा उद्धार केला. त्या गलक्यातच झाकण निघालं. आत मांजरपाटाच्या कोऱ्या कापडाची गुंडाळी होती. पट नव्हता.

“बघितलंत?” विजयसिंह आता शांत झाले होते. “दोन किल्ल्या, दोन चोर. बाई, सोमवारी तुमचा अहवाल जाऊ द्या. त्याच दिवशी मी पोलिसांत फिर्याद देतो, या गणपतरावावर आणि या म्हातारीवर. आणि बिशपांच्या बंगल्यात चोरानं राहायचं नाही. सामान बांधायला लागा, आक्का.”

आक्का जागच्या हलल्या नाहीत. “मी काय चोरल्यालं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मग पट कुठं आहे?” वर्षाराणीनं विचारलं.

म्हातारीनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यात बघितलं. “मला ठावं हाय,” ती म्हणाली. “पर मी सांगनार न्हाई.”

२

शनिवारी पंपाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गणपतरावांनी तिला बसा म्हटलं नाही. ते काउंटरच्या आत, ती बाहेर, आणि मधे वॉशरचे डबे.

“माझं काम यादी करायचं होतं,” वर्षाराणी म्हणाली. “पण आत नसलेल्या वस्तूचीही यादी करावी लागणार असं दिसतंय. पट म्हणजे नेमकं काय?”

“तुमी लिंगायत न्हवं? मग तुमाला कळायला पाहिजे. तुमच्या मठात गादीवर कोन बसतंय? ज्याला आधीच्या स्वामीनं बसवलं त्यो. तसंच हाय. येशूनं बारा प्रेषित नेमले. त्यांनी आपला हात ज्याच्या डोक्यावर ठेवला त्यो बिशप. त्यानं पुढच्याच्या डोक्यावर ठेवला. साखळी हाय ही. त्यातला थोमा हिकडं मलबारात आला. एक कडी तुटली की फुडचं सगळं खोटं. बिशप खोटा, त्यानं केलेला पाळक खोटा, त्या पाळकानं दिलेला प्रभुभोजनाचा घास खोटा.”

“आणि पटावर ती साखळी लिहिलेली.”

“थोमापासनं. आमचे मूळपुरुष नथानेल १९१३ साली हितनं मलबारात गेले आनि तिथल्या बिशपाचा हात डोक्यावर घेऊन आले. बाकीच्या चर्चास्नी गोऱ्या सायबानं हात लावला, आमाला थोमानं.” हे सांगताना गणपतरावांची छाती पुढं आली. भांडण विसरून ते क्षणभर सुखावले. “नथानेलनी येशुदासांवर हात ठेवला, येशुदासांनी शांतवनांवर. आनि ह्यो विजयसिंह म्हनतोय, शांतवनांनी मरायच्या आधी माझ्यावर ठेवला. साफ खोटं! नाव असतंय पटावर तर दाखव म्हनावं.”

“म्हणजे पट नाहीसा झाला तर फायदा तुमचा.”

“ए बाई!” वॉशरचा डबा काउंटरवर आदळला. “माझा कसला फायदा? पट गेला तर माझ्या पोरास्नी मी काय दाखवू? आमाला कोन इचारतंय मग?”

वर्षाराणीला हा माणूस आवडला नव्हता, पण त्याचा राग खरा वाटला. तिनं पेटीतली वही उघडून त्याच्यासमोर धरली. पेटी उघडली की तारीख घालून पाच जणांनी सह्या करायची रीत होती. शेवटची नोंद २४ डिसेंबरची.

“एकवीसला थोमाचा सन,” गणपतराव म्हणाले. “त्या दिवशी पट काढून सगळ्यांसमोर वाचायचा. वाचून झाल्यावर बिशप म्हनले, मागचं कापड कुजलंय, घरी नेऊन नवं लावतो. चोवीसला नळी स्वता लाख लावून आनून ठेवली. आमी पाच जनांनी सह्या केल्या. त्यानंतर पेटी उघडल्याली न्हाई.”

पाच सह्यांत तिसरी विजयसिंहांची होती.

“बिशपांची अंगठी कुठं आहे?”

“मोडली. बिशप गेला की त्याचा शिक्का मोडतात. मातीच्या दिवशी सगळ्यांम्होरं म्याच हातोडा घातला.” ते थांबले. “झालं तुमचं? मग निघा. तुमच्यामुळं गिऱ्हाईक थांबलंय.”

दुकानात दुसरं कुणीही नव्हतं. स्कूटरला किक मारताना वर्षाराणी मनात जुळवत होती. शिक्का अखंड होता आणि अंगठी मोडलेली. म्हणजे रिकामी नळी बंद करणारा माणूस एकच असू शकत होता, आणि त्याच्यावर फिर्याद होणार नव्हती. तो आठ महिन्यांपूर्वीच मेला होता.

३

विजयसिंहांनी मात्र खुर्ची दिली. चहाही दिला, पण स्वतः घेतला नाही. शत्रूच्या घरचा चहा कसा लागतो हे वर्षाराणीला त्या दिवशी कळलं.

“हे पाहा,” ते म्हणाले. चर्चमध्ये उपदेश करताना लावायचा तोच सूर. “तुम्ही चांगल्या घरातल्या आहात. पण या गोष्टी तुमच्या आवाक्यातल्या नाहीत. वस्तू गेली, दोन किल्ल्या कुणाकडं होत्या ते लिहा, आणि सुटा.”

“बिशपांनी तुमच्या डोक्यावर हात कधी ठेवला?”

“सतरा जानेवारी. रविवार होता. बंगल्यावर, ते अंथरुणावर होते. त्यांनी हात ठेवला, प्रार्थना केली आणि थरथरत्या हातानं पटावर माझं नाव लिहिलं. ते नाव लोकांना दिसावं म्हणून तर मी कोर्टात गेलो.”

“कुणी बघितलं?”

“आक्कांनी. पण ती बाई माझा द्वेष करते. तिला वाटतं, भावामागं सगळंच संपावं.”

“शवपेटी कुणी बंद केली?”

हा प्रश्न तिनं सहज विचारला होता. विजयसिंहांची बोटं मात्र झग्याच्या बटणावर थांबली.

“मीच. पाळकाचं काम आहे ते. त्याचा इथं काय संबंध?”

“काही नाही. यादी करायची सवय लागलीय मला.”

“बाई,” ते उठून दाराशी गेले आणि दार उघडून धरलं. “सोमवारी त्या म्हातारीच्या दारात पोलीस येणार. तुम्ही लिहा, नाहीतर लिहू नका.”

तिथनं ती बंगल्यावर गेली. बंगला म्हणायचं एवढंच, दोन खोल्या आणि एक कौलारू पडवी. आक्कांनी दार अर्धंच उघडलं.

“आक्का, नळी रिकामी करून बंद केली ती तुमच्या भावानं. एवढं मला कळलंय. पुढचं तुम्ही सांगा. न्हाईतर परवा तुम्हाला पोलीस गाडीत बसवतील, आणि ही जागा जाईल.”

“बसवूदेत की.”

“लोक चोर म्हणतील तुम्हाला. चाळीस वर्षं भावाचं घर सांभाळून शेवटी चोर?”

“मला म्हनतील ना? त्याला न्हाई ना म्हनत?” म्हातारीचा आवाज चिरका झाला. “तू कोन गं मला शिकवनारी? शब्द दिलाय मी त्याला. व्हय बाजूला!”

दार तोंडावर बंद झालं. वर्षाराणी पायरीवर उभी राहिली आणि चक्क रडायला आलं तिला. रागानं. कुणासाठी मरमर करायची, आणि त्यानंच हाकलून द्यायचं! पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. आक्का स्वतःला वाचवत नव्हती. भावाला वाचवत होती. आणि मेलेल्या माणसाला कशापासून वाचवायचं असतं?

४

रविवारी ती पन्हाळ्याच्या रस्त्यानं शिवाजी पुलापलीकडच्या दफनभूमीत गेली. जोतिबाला निघालेल्या गाड्या गुलालानं माखून चालल्या होत्या. आत कबरी खणणारा गुंडू गवत काढत बसला होता. चर्चची घंटा वाजवायची आणि कबर खणायची, ही दोन्ही कामं त्याचीच. पण आठ महिने घंटा बंद होती आणि माणसंही मरायची थांबल्यासारखी झाली होती, असं तो म्हणाला.

“कुनाच्या पार्टीचं तुमी, पावणं?”

“कुणाच्याच नाही. कोर्टाची.”

“मग ह्या दोघांच्याबी वरची पीडा,” गुंडूनं विळा बाजूला ठेवला. “इचारा.”

“डिसेंबरात बिशपांनी पटाला नवं कापड लावायचं म्हणून नेलं. लावलं का?”

“कुटलं! म्याच बाइंडरकडनं खळ आनून दिली, मांजरपाट आनला. जुनं कापड पान्यानं भिजवून सोडवलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी गेलतो तर खळ तशीच वाळून गेलती. माणूस भिताडाकडं बघत बसल्याला. म्हनलं, साहेब, चिकटवायचं न्हाई? म्हनले, गुंडू, ऱ्हाऊ दे. त्या दिवसापास्नं जेवान तोडलं त्यांनी.”

नळीतली मांजरपाटाची कोरी गुंडाळी वर्षाराणीच्या डोळ्यासमोर आली. तीच. पटाच्या जागी त्यांनी ती घातली होती.

“मातीच्या दिवशी काही भांडण झालं?”

“झालं की! आक्कांनी केलं. आता बगा.” तो उठून तिला कबरींच्या रांगांतनं घेऊन गेला. “आपल्यात साध्या मानसाचं डोकं पश्चिमेला आनि पाय उगवतीला. का, तर येशू उगवतीकडनं येनार. उठून बसलं की मानूस समोर बगनार. पर पाळक, बिशप असला की उलटं. त्याचं डोकं उगवतीला. का, तर त्यो उठल्यावर त्याची मंडळी त्याच्यासमोर पायजे. क्रूस डोक्याशी उभा करतात, त्यावरनं वळकायचं.”

वर्षाराणीच्या घरात माणसाला बसवून पुरतात. आजी रत्नव्वाला मांडी घातलेल्या बैठकीत मातीत उतरवताना तिनं लहानपणी बघितलं होतं. मेलेला माणूस कसा ठेवतात यात त्याच्या घरच्यांना काय म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“बिशप शांतवनांची कबर?”

नव्या मातीवरचा लाकडी क्रूस पश्चिमेच्या टोकाला होता. साध्या माणसासारखा.

“म्या बिशपाच्या बाजूनं खणली व्हती,” गुंडू म्हणाला. “शवपेटी खाली सोडायच्या येळला आक्का आडव्या पडल्या. म्हनल्या, फिरवा. सगळे वरडाय लागले. गनपतराव तर अंगावर गेले त्यांच्या. पर बाई हटली न्हाई. विजयसिंह म्हनले, म्हातारीचं डोकं फिरलंय, तिच्या मनासारखं करा. फिरवली.”

“विजयसिंह म्हणाले?”

“व्हय. मला बी नवलच वाटलं.”

वर्षाराणी पुढं चालत गेली. मधे बिशप येशुदास, क्रूस पूर्वेला, बिशपासारखा. आणि कोपऱ्यात, चिंचेखाली, मूळपुरुष नथानेल. मृत्यू १९४०. दगडी क्रूस काळा पडला होता, शेवाळलेला होता. आणि तो पश्चिमेच्या टोकाला होता.

“हे असं का?”

गुंडूनं डोकं खाजवलं. “माझा बाप सांगायचा, त्यांच्या बायकोनं, विठाबाईनं, आडवं पडून फिरवून घेतल्यालं. आक्कांगत.”

वर्षाराणीनं वळून शांतवनांच्या कबरीवरच्या नव्या मातीकडं बघितलं. साठ वर्षांच्या अंतरानं दोन बायका एकाच खड्ड्यापाशी एकाच हट्टानं आडव्या पडल्या होत्या. पट कुठं आहे ते तिला कळलं. ती त्याच्यापासून दहा पावलांवर उभी होती.

५

संध्याकाळी चारला तिनं दोघांनाही आक्कांच्या पडवीत बोलावलं. दोघांनाही एकमेकांशेजारी बसायचं नव्हतं, म्हणून गुंडूला मधे बसवलं. आक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“उद्या अहवाल द्यायचाय,” वर्षाराणी म्हणाली. “त्याआधी तुम्ही ऐकून घ्या. पाळकसाहेब, तुम्ही म्हणता सतरा जानेवारीला बिशपांनी पटावर तुमचं नाव लिहिलं. या बंगल्यात.”

“हो.”

“पेटीच्या वहीप्रमाणं नळी चोवीस डिसेंबरला पेटीत गेली आणि त्यानंतर पेटी उघडलीच नाही. त्या नोंदीखाली तुमची सही आहे. मग सतरा जानेवारीला पट या बंगल्यात कसा आला? एकतर नाव लिहिलेलं खोटं, नाहीतर नळी रिकामी होती हे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असताना, चोरीचा आळ दुसऱ्यांवर जावा म्हणून, तीच पेटी उघडायला तुम्ही कोर्टात गेलात.”

गणपतराव पुढं सरकले. “बोला की आता! दातखिळी बसली व्हय?”

“तुम्ही गप्प बसा,” वर्षाराणी त्यांच्यावर खेकसली. “शुक्रवारी मी लाखेखाली नुसता चाकू घातला होता. झाकण निघालं नव्हतं. आत काय आहे हे मला माहीत नव्हतं, जमलेल्यांना नव्हतं, गणपतरावांना नव्हतं. पाळकसाहेब, तुम्ही ‘चोरला’ असं आधीच ओरडलात. शवपेटीचं झाकण लावताना तुम्ही पट बघितला होता. बिशपांच्या छातीवर, झग्याच्या आत. तो जमिनीखाली गेला याचं तुम्हाला बरंच वाटलं. शवपेटी फिरवायलाही तुम्हीच होकार दिलात, कारण भांडण वाढलं असतं तर कुणीतरी झाकण उघडलं असतं.”

विजयसिंहांच्या गोऱ्या गालावर लाल ठिपके उठले.

“म्हणजे म्हातारीनंच पुरला!” ते अखेर म्हणाले. “मंडळीचा पट पुरला म्हणजे चोरीच. आणि बिशपानं द्वेषानं पुरायला लावला. माझं नाव पुढं येऊ नये म्हणून! असल्या कुजक्या मनाच्या माणसाला आम्ही पस्तीस वर्षं बिशप म्हणत आलो.”

“गप!”

आक्का उंबरा ओलांडून बाहेर आल्या होत्या.

“माझ्या भावाला कुजका म्हन्तोस? त्यानं पट फाडला असता, जाळला असता, तर तुला काय कळलं असतं रं? पर त्याला लबाडी जमली न्हाई. कापड सोडवलं तवा मागं नथानेलचं अक्षर निघालं. मरायच्या आधी लिहून, वर कापड चिकटवून ठेवल्यालं. मलबारात पोचला तवा तिथला बिशप दोन दिसांमागं वारल्याला. त्यांच्यात बिशपाला खुर्चीवर बसवून पुरतात. झगा घालून, हात मांडीवर ठेवून बसवल्याला. लोक पाया पडून चालल्याले. नथानेलनं गुडघं टेकलं, त्यो मेल्याला हात उचलला आनि स्वताच्या डोक्यावर ठेवला. हिकडं येऊन सांगितलं, हात ठेवला म्हनून.”

वर्षाराणीला बसवलेल्या रत्नव्वाचा हात आठवला, थंड आणि लाकडासारखा ताठ. तो डोक्यावर घ्यायचा म्हणजे माणसाला केवढी निकड असायला पाहिजे!

“ते वाचल्यापास्नं शांतवन म्हनायचा, आक्का, मी कोन गं? मी बिशप न्हाई, पाळक न्हाई. मला साध्या मानसागत पुरा, आनि ह्यो कागद माझ्यासंगं घाला. लोकांचं मन मोडू नगा. म्हनून मी गप ऱ्हायले.” तिचं बोट विजयसिंहांवर रोखलं गेलं. “आनि ह्यो! सतरा तारखेला हितं येऊन गुडघं टेकून बसला. हात ठेवा, हात ठेवा. शांतवन म्हनला, द्यायला माझ्याकडं कायबी न्हाई रं बाबा. सगळं सांगितलं ह्याला, कागद दाखवला. आनि हात चादरीत घातला. तर ह्यानं चादरीतनं हात वढून काढला आनि स्वताच्या डोक्यावर दाबून धरला. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. नथानेलनं मेल्याल्याचा घेतला, ह्यानं जित्याचा!”

विजयसिंह खाली बघत होते.

“आता अहवालाचं,” वर्षाराणी म्हणाली. “पट सापडलाय. बाहेर काढायचा तर कबर उघडायची परवानगी मागावी लागेल. तुम्ही दोघं अर्ज करा, मी शिफारस लिहिते. पाळकसाहेब?”

“मृताला त्रास देणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही,” विजयसिंह पुटपुटले.

“गणपतराव? तुम्हाला पट बघायचा होता.”

गणपतराव एकदम उसळले. “कशाला काढायचा? कुनाला दाखवायचा? तुमाला काय हो, तुमी उद्या दुसरी केस घ्याल! आमी काय सांगायचं लोकास्नी? आमच्यावर कुनी हातच ठेवला न्हाई म्हनून?”

“मग दोघं इथं सही करा, की पट कुठं आहे ते कळलं आणि बघायला आम्ही नकार दिला.”

सही कुणी केली नाही. दोघंही उठले. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते एकाच फाटकातून एकदम बाहेर पडले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत दोघांनी मिळून वर्षाराणीला शिव्या दिल्या.

६

तिनं अहवाल तिथंच पायरीवर बसून पुरा केला. चोरी झालेली नाही, आक्का निर्दोष आहेत, विजयसिंहांनी पट नसलेली पेटी जाणूनबुजून उघडायला लावली. खाली सही केली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. आक्का आता आभार मानतील, निदान पाणी विचारतील, असं तिला कुठंतरी वाटलं होतं.

“झालं समाधान?” आक्का म्हणाल्या. “मी चोर म्हनून मेले असते तर कुनाचं काय बिघडत व्हतं? त्यो बिशप म्हनून ऱ्हायला असता. उद्यापास्नं अख्खी मंडळी म्हनंल, शांतवन खोटा. तुला कुनी सांगितलं व्हतं गं खणून काढायला?”

“आक्का, तुम्हाला पोलिसांनी...”

“जा!”

दार पुन्हा लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

वर्षाराणी स्कूटरपाशी आली. तिची चूक नव्हती, आणि तरी तिला ती पुसता येत नव्हती. गुंडू फाटकाला टेकून उभा होता.

“बाई, एक इचारू? माझ्या पोरीचं लगीन त्यांनी लावलं. एकोनीसशे अडुसष्ट साली. तवा नवीनच व्हते. त्यांचा हात जर खोटा, तर मग ते लगीन मोडलं का?”

“पोरगी कुठं असते?”

“हुपरीला. तीन नातवंडं हायेत. एक एस्टीत लागलंय.” तो वाट बघत होता. खरोखरच उत्तर पाहिजे होतं त्याला.

“न्हाई मोडलं, गुंडूमामा.”

“मला बी तसंच वाटतंय. पावसात छत्री धरून आलते हुपरीला. रातभर थांबले. घरात लांबचं पावणं जेवल्याबिगार जेवले न्हाईत.” त्यानं नाक पुसलं. “हे आक्कास्नी सांगा की जाऊन.”

“मला नाही घरात घेणार त्या. तुम्हीच सांगा.”

गुंडूनं थोडा विचार केला. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, पडवी चढला आणि दार वाजवलं.

“कोन हाय?” आतून आक्कांचा आवाज आला, चिडलेला आणि रडून बसलेला. “म्हनलं न्हवं, जा म्हनून!”

“मी गुंडू. माझ्या सुमनच्या लग्नाचं सांगाय आलोय.”

वर्षाराणी किल्ली हातात धरून फाटकापाशी थांबून राहिली. मग आतली कडी निघाली.